शिकणाऱ्यालाच चांगलं वाद्य लागतं

बेस गिटार शिकायची म्हणून कुणी चौकशी करायला निघालं की पहिला सल्ला ठरलेला असतो: सुरुवातीला काहीही चालतं. मिळेल ती स्वस्तातली घे, हात बसला की मग चांगली बघ. याला जोडून आणखी दोन-तीन सूचना येतात. आधी सहा तारांची साधी गिटार शीक. बेसच घ्यायचा तर पाच तारांचा घे, म्हणजे पुन्हा घ्यावा लागणार नाही. आखूड घेऊ नकोस, तो लहान मुलांचा. हे सांगणारे घरचे असतात, क्लासचे सर असतात, दुकानदार असतात, आणि बहुतेकांचा हेतू चांगलाच असतो. पण चांगल्या हेतूने दिलेला हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्याची किंमत मोजतो तो नवशिका. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. चांगल्या वाद्याची गरज सर्वांत जास्त कुणाला असेल, तर ती शिकणाऱ्याला. मात्र चांगलं म्हणजे महाग नव्हे, नावाजलेलं नव्हे आणि भरपूर बटणांचंही नव्हे. चांगलं म्हणजे हाताला बसणारं, नीट लावून घेतलेलं आणि खरा सूर देणारं. हा फरक लक्षात न घेतल्यामुळेच हा सगळा घोळ होतो.

विरुद्ध बाजूचं म्हणणं आधी तिच्या पूर्ण ताकदीने मांडायला हवं. शिकायला सुरुवात केलेले कितीतरी जण काही महिन्यांत सोडून देतात, हे खरं आहे. मध्यमवर्गीय घरात वाद्यावर घातलेले पैसे भिंतीला टेकून धूळ खात पडले, तर ते प्रत्येकाच्या डोळ्यांत सलतात. शिवाय कला बोटांत असते, लाकडात नसते. जाणता वादक साध्या वाद्यातूनही गाणं काढतो. आणि ज्याला आपल्याला काय आवडतं हेच अजून कळलेलं नाही, त्याने निवड तरी कशी करावी? हे मुद्दे टाकाऊ नाहीत. पण त्यांतून 'काहीही चालतं' हा निष्कर्ष निघत नाही. सोडून देणारे का सोडतात, जाणता वादक साध्या वाद्यावर नेमकं काय करतो आणि आवड कळलेली नसताना कोणती निवड शहाणपणाची, हे तिन्ही प्रश्न तपासले की उत्तर वेगळंच येतं.

मुरलेल्या वादकाच्या हाती वाईट बेस दिला, तर पाच मिनिटांत त्याला त्याचे दोष कळतात. नेकवर, म्हणजे दांडीवर, बसवलेल्या सातव्या धातुपट्टीपाशी (फ्रेटपाशी) एक तार खरखरते, वरच्या बाजूचे सूर किंचित चढे लागतात, एका तारेचा आवाज दुसरीपेक्षा दबका येतो. तो बोट थोडं पुढे सरकवतो, दाब बदलतो, खरखरणारा सूर शेजारच्या तारेवर घेतो. दोष त्याच्या कानाला ऐकू येतो आणि त्याचा हात तो सावरून घेतो. नवशिक्याकडे यातलं काहीच नसतं. खरखर झाली तर ती बोट फ्रेटपासून लांब पडल्यामुळे झाली, दाब कमी पडल्यामुळे झाली, की फ्रेटच वर आल्यामुळे झाली, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून तो प्रत्येक दोष स्वतःच्या अंगाला लावून घेतो. त्यातून बेससारख्या खालच्या पट्टीच्या वाद्यात अडचण आणखी वाढते. सर्वांत जाड तारेचा मोकळा सूर ई, म्हणजे सेकंदाला सुमारे ४१.२ कंपनं, तिच्याच पहिल्या फ्रेटवरचा एफ सुमारे ४३.७. दोन शेजारच्या सुरांत अंतर जेमतेम अडीच कंपनांचं. इतक्या खाली न सरावलेल्या कानाला सूर पारखणं जड जातं. ज्याचा कान घडायचा आहे त्याच्यापुढे वाद्याने खरा सूर ठेवला नाही, तर तो कान घडणार तरी कशावर?

एक गोष्ट जवळून पाहू. नेकच्या टोकाशी, जिथून तारा खुंट्यांकडे वळतात तिथे, खाचा पाडलेली एक छोटी पट्टी असते. तिला नट म्हणतात. खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर घासते आणि नट बदलावी लागते. खाच उथळ राहिली तर दुकानात कुणाच्या सहज लक्षात येत नाही. कुशल कारागिराचा वेळ वाचवायचा असेल, तर स्वस्त वाद्याची खाच उथळच सोडली जाते. परिणाम असा की पहिल्या फ्रेटपाशी तार नको तितकी उंच राहते. ती दाबताना जोर तर लागतोच, शिवाय खाली जाताना तार ताणली जाते आणि सूर चढतो. नवशिका मोकळी तार ट्यूनरवर अगदी बरोबर लावतो, पहिल्या फ्रेटवर एफ वाजवतो आणि काटा पुढे सरकलेला पाहतो. मग तो आणखी काळजीने, म्हणजे आणखी जोराने दाबतो. सूर आणखी चढतो. अंगठा मागून नेक आवळतो, मनगट वाकतं, खांदा वर येतो. आणि पहिले कित्येक महिने त्याचा मुक्काम कुठे असतो? याच पहिल्या चार फ्रेटांत. वाद्याचा सर्वांत वाईट भाग नेमका त्याच्याच वाट्याला येतो, आणि तिथे लागलेली आवळून धरायची सवय पुढे चांगलं वाद्य मिळालं तरी सहजासहजी जात नाही. कुशल माणूस हाताशी असेल तर हाच दोष कानशीच्या काही हलक्या हातांनी जाऊ शकतो. पण हे करून घ्यायचं असतं, हे नवशिक्याला कुणी सांगत नाही.

यावर नेहमीचं उत्तर येतं की कष्टाशिवाय विद्या येत नाही. रियाजाला आपल्याकडे जो मान आहे तो रास्तच आहे. पण कष्ट कशाचे, हे विचारायला नको का? तंबोऱ्याचं उदाहरण घेऊ. मिरजेत सतार आणि तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांची परंपरा दीडशेहून अधिक वर्षांची आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याचा भोपळा कितीही सुबक असो, दांडीवरचं नक्षीकाम कितीही देखणं असो, जवारी लागलेली नसेल तर तो मुकाच. घोडीचा माथा घासून त्याला नेमका उतार द्यायचा, मग तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत तार बोलती करायची. हे काम झाल्याशिवाय वाद्य पुरं होत नाही. शिष्याचा गळा कच्चा आहे, तेव्हा तंबोरा जरा बेसूर असला तरी चालेल, असं कुठलाही गुरू म्हणत नाही. उलट गळा कच्चा आहे म्हणूनच तंबोरा चोख लावून घेतला जातो. बेस गिटारचा सेटअप म्हणजे त्या वाद्याची जवारीच. नेकची कमान, तारांची उंची, नटच्या खाचा आणि प्रत्येक तारेची ब्रिजवरची (घोडीवरची) जागा या चार गोष्टी जुळवून घेणं म्हणजे सेटअप. शास्त्रीय संगीतात जी अट आपण निर्विवाद मानतो, ती गिटारच्या दुकानात शिरताना उंबऱ्याबाहेर का ठेवतो?

शिवाय कष्टांचं हे गौरवगान बेस गिटारच्या जन्मकथेशीही विसंगत आहे. हे वाद्य घडलंच मुळी वादकाचे अनावश्यक कष्ट काढून टाकण्यासाठी. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन इथे लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस आणला, तेव्हा वाद्यवृंदातल्या खालच्या सुरांचा भार उभ्या डबल बेसवर होता. माणसाएवढं ते वाद्य न्यायला अवघड, विजेच्या गिटारींच्या आणि ड्रमच्या आवाजात ऐकू यायला अवघड, आणि फ्रेट नसल्यामुळे सुरात वाजवायलाही अवघड. त्याच्या तारेची वाजती लांबी सुमारे १०५ सेंटीमीटर. फेंडर यांनी ती ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटीमीटरवर आणली आणि फ्रेट बसवले. बोट फ्रेटमागे पडलं की सूर अचूक लागावा, म्हणून नावच 'प्रिसिजन'. त्याआधी १९३० च्या दशकात सिअ‍ॅटलमध्ये पॉल टुटमार्क यांनी फ्रेट असलेला विजेचा बेस बनवला होता, पण तो रुजला नाही. रुजला तो फेंडर यांचा. सोपेपणा हा या वाद्याचा मूळ गुण आहे. ज्या वाद्याच्या नावातच अचूकपणाचं वचन आहे, ते नवशिक्याला मात्र बेसूर आणि अवघड करून द्यायचं, आणि वर त्याला साधना म्हणायचं, हे पटण्यासारखं नाही.

दुसरा आक्षेप थोरांच्या दाखल्याचा. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारे जेम्स जेमरसन यांचं नाव इथे हमखास येतं. १९६२ चा प्रिसिजन बेस, त्यावर जाड आणि गुळगुळीत गुंडाळणीच्या तारा, त्या बऱ्याच उंच आणि क्वचितच बदललेल्या. तरीही एका तर्जनीने छेडून त्यांनी जे वाजवलं त्यावरून जगभरचे बेसवादक आजही शिकतात. मग उंच तारांना काय झालं? झालं एवढंच की जेमरसन डबल बेसवरून आले होते. त्या वाद्याच्या तारा दाबून घट्ट झालेल्या बोटांना प्रिसिजन बेस कितीही उंच तारांचा असला तरी हलकाच. त्यांनी ती उंची आपल्या घडलेल्या हाताला आणि हव्या त्या जाड, गोल आवाजाला साजेशी म्हणून ठेवली. ती निवड होती. नवशिक्याच्या गळ्यात पडते ती निवड नसते, नाइलाज असतो. आणखी एक गोष्ट. वाईट वाद्यावर शिकून मोठे झालेल्यांच्या कहाण्या आपल्यापर्यंत पोहोचतात; वाईट वाद्यामुळे थांबलेल्यांच्या कहाण्या कुणी सांगत नाही. पोहून पलीकडे गेलेल्यांना विचारून नदीची खोली ठरवता येत नाही.

'आधी साधी गिटार शीक' या सल्ल्यात तथ्याचा एक अंश आहे. बेसच्या चार तारा गिटारच्या खालच्या चार तारांसारख्याच लागतात, फक्त एक सप्तक खाली. म्हणून स्वरांच्या जागा ओळखीच्या होतात. लॉस एंजलिसच्या स्टुडिओंत नावाजलेल्या कॅरल के मुळात गिटारवादकच होत्या आणि १९६३ मध्ये त्या बेसकडे वळल्या. पण गिटारकडून बेसकडे जाता येतं, याचा अर्थ गिटारवरूनच जावं लागतं असा नाही. जेमरसन डबल बेसवरून आलेच. बेसचं मुख्य कौशल्य जागा पाठ करण्यात नाही. सूर नेमका कधी सुरू करायचा आणि कधी थांबवायचा, न वाजणाऱ्या तारा दोन्ही हातांनी कशा गप्प ठेवायच्या, ड्रमच्या ठेक्याशी कसं जुळून राहायचं, हे ते कौशल्य. पुण्याच्या ढोल-ताशा पथकात ताशाची लडी लक्ष वेधून घेते, पण पावलं पडतात ती ढोलाच्या ठोक्यावर. ढोल वाजवायचा असेल तर आधी दोन वर्षं ताशा वाजव, असं पथकात कुणी सांगत नाही. हाताचं मापही वेगळं आहे. साडेपंचवीस इंची गिटारवर नटपासून पहिला फ्रेट सुमारे ३६ मिलिमीटरवर येतो, ३४ इंची बेसवर तो साडेअठ्ठेचाळीसवर. तारांची जाडी, त्यांचा ओढा, छेडायची पद्धत, सगळंच निराळं. ज्याच्या कानाला बेसचा सूर लागला आहे, त्याने बेसपासूनच सुरुवात करावी.

'पाच तारांचा घे, पुन्हा घ्यावा लागणार नाही' हा सल्ला काटकसरीचा वाटतो, म्हणून तो जास्त फसवा. पाचवी तार बी ची, मोकळा सूर सेकंदाला सुमारे ३०.९ कंपनांचा. घरात सरावासाठी घेतलेल्या छोट्या ॲम्पच्या आठ इंची स्पीकरमधून हा मूळ सूर धड उमटतच नाही. कानावर येतात ते त्याचे वरचे स्वर. म्हणजे पैसे ज्या सुरासाठी मोजले तोच ऐकू येत नाही. पाच तारांसाठी नेक रुंद लागते, हाताचा आवाका वाढतो, आणि सतत गप्प ठेवायच्या तारांत एकीची भर पडते. तार गप्प ठेवणं हीच जिथे नवशिक्याची सर्वांत मोठी अडचण, तिथे हे ओझं कशाला? चार तारांवर काय होऊ शकतं याची यादी लांब आहे. मोटाउनची गाणी चार तारांवरची. जॅको पास्टोरियस यांनी फ्रेट काढलेल्या १९६२ च्या जॅझ बेसवर जे केलं, तेही चार तारांवर. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवत, तो काळही पाच तारांचा बेस रुळण्याआधीचा. ज्याला पहिल्या दिवसापासून खालच्या पट्टीतलं मेटलच वाजवायचं आहे, त्याच्यासाठी पाच तारांचा विचार रास्त आहे. इतरांनी चार तारांवर हात बसवावा. खालचा डी हवा असेल तर ई ची तार एक स्वर उतरवून तो मिळतो.

आखूड बेसबद्दलचा गैरसमज तर सर्वांत निराधार आणि सर्वांत दुखावणारा. ३४ इंच हा निसर्गनियम नाही. एका निर्मात्याने काढलेला तो तोडगा आहे आणि तो रूढ झाला इतकंच. पॉल मॅकार्टनी यांनी हॅम्बुर्गमध्ये घेतलेला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर सुमारे ३० इंचांचा आहे. क्रीम बँडच्या जॅक ब्रूस यांचा गिब्सन ईबी-३ साडेतीस इंचांचा. फेंडर कंपनीने १९६६ मध्ये आणलेला मस्टँग बेस ३० इंचांचा, आणि टॉकिंग हेड्स बँडच्या टीना वेमथ तो वाजवत. यांतलं कोण लहान मूल होतं? गणित साधं आहे. तीच तार त्याच सुराला लावली तर तिचा ओढा लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ३४ वरून ३० इंचांवर आलं की तो २२ टक्क्यांनी कमी होतो. पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर १३० मिलिमीटरवरून ११४ वर येतं. छोट्या पंजाच्या मुलीला किंवा मुलाला हा दीड सेंटीमीटर म्हणजे दुखणारं मनगट आणि न दुखणारं मनगट यांतला फरक ठरू शकतो. आखूड बेसची उणी बाजूही सांगायला हवी: जाड तार थोडी सैल वाटते, तिचा आवाज जरा गुबगुबीत येतो आणि तारांचे जोड मिळायला पर्याय कमी. उलट मध्यम पंजाच्या माणसाला ३४ इंचही जमतात, कारण खालच्या बाजूला प्रत्येक फ्रेटला एक बोट लावलंच पाहिजे असं नाही. डबल बेसच्या जुन्या पद्धतीप्रमाणे पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरून तीन फ्रेटांत काम भागतं. ठरवायचं ते हाताने, दुसऱ्याच्या शेऱ्याने नव्हे.

आता पैशांचा आक्षेप, जो सर्वांत खरा आहे. चांगल्या वाद्याचा आग्रह म्हणजे गरीब घरच्या मुलाला दार बंद करणं, असं कुणी म्हणेल. मी जे मागतो आहे ते जास्त पैसे नव्हेत. त्याच पैशांची वेगळी वाटणी आहे. नवशिका सगळे पैसे वाद्याच्या दिसण्यावर, तारांच्या संख्येवर आणि बटणांवर घालतो. सेटअपला, पट्ट्याला आणि ॲम्पला काही उरत नाही. त्याऐवजी एक पायरी साधं वाद्य घ्यावं आणि उरलेल्या पैशांत ते जाणत्या कारागिराकडून लावून घ्यावं. बॅटरीवर चालणारा ॲक्टिव्ह बेस पहिल्याच वेळी नको: वायर जोडलेली राहिली तर आतली बॅटरी संपत राहते आणि ऐन वेळी आवाज जातो. एक आवाजाचं आणि एक टोनचं बटण एवढ्यावर प्रिसिजनची जात सत्तर वर्षं उभी आहे. त्यातला तारांचं कंपन टिपणारा, १९५७ पासूनचा दुभंगलेला पिकअप घरातल्या विजेची घूं घूं बरीच गिळतो. घरच्या सरावात ही सोय मोठी. ॲम्पही सुरुवातीला मोठा लागत नाही. फ्लॅटमध्ये खालचे सूर भिंतीपलीकडे सहज जातात, तेव्हा हेडफोनची सोय असलेला छोटा ॲम्प शेजाऱ्यांनाही बरा. मात्र गिटारच्या लहान ॲम्पमधून मोठ्या आवाजात बेस वाजवू नये. तो स्पीकर या सुरांसाठी घडवलेला नसतो. यामाहा टीआरबीएक्स १७४, स्क्वायरचे प्रिसिजन घडणीचे साधे बेस किंवा लहान हातांसाठी २८.६ इंचांचा आयबानेझ मिक्रो, अशा सर्वपरिचित प्राथमिक वाद्यांचा आणखी एक फायदा आहे: शिकणं थांबलं तर त्यांना गिऱ्हाईक मिळतं. निनावी वाद्य स्वस्त पडतं ते घेताना. विकताना ते कुणालाच नको असतं. वापरलेलं पण चांगल्या अवस्थेतलं वाद्य तर या सगळ्यांहून शहाणपणाचं. सोडून देण्याची भीती खरी असेल, तर तिच्यावरचा उपायही हाच.

आणि सोडून देणाऱ्यांबद्दल एक प्रश्न विचारायला हवा. सगळे वाईट वाद्यामुळेच सोडतात असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. शाळा, नोकरी, कंटाळा, अशी पुष्कळ कारणं असतात. पण बोटं सुजली, सूर लागत नाही, आपल्यात तो गुणच नाही, असं म्हणत जो थांबतो त्याच्या बाबतीत दोष माणसाचा की वाद्याचा, हे कुणी तपासून पाहतं का? 'टिकला तर चांगलं घेऊ' या वाक्यात टिकण्याची परीक्षाच अशा वाद्यावर घेतली जाते की त्यात नापास होणं सोपं व्हावं. मग निकाल दाखवून म्हणायचं, बरं झालं महाग घेतला नाही. हा युक्तिवाद स्वतःच स्वतःचा पुरावा तयार करतो.

दुकानात काय पाहायचं, हे त्यामुळे किमतीच्या चिठ्ठीपेक्षा महत्त्वाचं. बेस गळ्यात अडकवून उभं राहावं आणि डावा हात सोडून द्यावा. नेक खाली झुकू लागली, तर रोज डाव्या हाताला ती तोलावी लागेल आणि बोटं मोकळी राहणार नाहीत. वजन चार किलोंच्या फार पुढे गेलेलं असेल तर दहा मिनिटं तसंच उभं राहावं, खांदाच काय ते सांगेल. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते पाहावं. कागद जेमतेम सरकेल एवढीच हवी. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून मधोमध, आठव्या फ्रेटच्या आसपास पाहिलं की नेकची कमान कळते. तिथे व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट बरी. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसतं बोट टेकवून छेडावं, मग तिथेच तार दाबून वाजवावी. दोन्ही वेळा ट्यूनरचा काटा एकाच जागी आला पाहिजे. शेवटी प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवून पाहावा. वाजवता येत नसलं तरी हे सगळं करता येतं, आणि यात कुणाची आवड-निवड आड येत नाही. आपल्या हवामानामुळे हे पुन्हा पुन्हा करावंही लागतं. चार तारांचा मिळून ओढा सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात जातो आणि लाकूड त्याला रात्रंदिवस तोंड देत असतं. कोकणातल्या पावसाळ्यात ते ओल पितं, नेक हलते. विदर्भाच्या उन्हाळ्यात फिंगरबोर्ड आक्रसतो आणि फ्रेटची टोकं कडेला बोटाला टोचू लागतात. ही वाद्य खराब झाल्याची खूण नव्हे. नेकमधला लोखंडी गज पाव वळसा फिरवून आणि टोकं हलकेच घासून ते पूर्ववत होऊ शकतं, मात्र हे जाणत्याच्या हातून करून घ्यावं.

'काहीही चालतं' हे वाक्य दयाळू वाटतं, पण त्यात शिकणाऱ्याबद्दल एक छुपा अविश्वास आहे: याच्या हातून नाहीतरी काही होणार नाही, मग वाद्य कसंही असो. हा अविश्वास त्याच्या वाट्याला पहिल्याच दिवशी का यावा? जो अजून वाजवू शकत नाही त्याला आपण देऊ शकतो ती एकच गोष्ट: बोट बरोबर पडलं तर सूर बरोबर येईल, एवढी हमी. ही हमी असली की चूक झाली तर ती आपली, हे त्याला निश्चित कळतं. आणि जी चूक आपली आहे ती आज ना उद्या सुधारता येते, एवढं कळल्यावरच माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा वाद्य हातात घेतो. म्हणून घरच्यांना, सरांना आणि दुकानदारांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी कुणी पहिला बेस घ्यायला आलं, तर सल्ला देण्याआधी ते वाद्य स्वतःच्या हातात घ्या, जाड तार पहिल्या फ्रेटवर करंगळीने दाबा आणि छेडा. जो सूर तुमच्या करंगळीला जड जातो आणि तुमच्या कानाला खटकतो, तो त्या नवशिक्याच्या हाती देऊ नका.